दोन लांब, एक आखूड

मी तिच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या, एकतीस वर्षं.
त्यामुळे मला जे माहीत आहे
ते सगळं तळाशी उरलेलं.

दिरफिन्ना सांगायची,
तिच्या लहानपणी फियोर्डच्या काठाला नऊ घरं होती आणि टेलिफोनची एकच तार.
कुणाचाही फोन सगळ्या घरांत वाजायचा.
त्यांच्या घराची खूण दोन लांब, एक आखूड.
पण उचलायचे सगळेच, श्वास रोखून,
आणि कुणाची मेंढी कड्यावरून पडली, कुणाचं लग्न मोडलं
हे नऊ चुलींना एकदमच कळायचं.
जितके कान जास्त, तितका आवाज बारीक व्हायचा.
आई ओरडायची, "ठेवा गं कुणीतरी, बहिणीचं ऐकू येत नाही मला!"
मग टक. टक. टक.
"मी मोजायचे," दिरफिन्ना म्हणायची,
"टक किती झाले ते."

ऑक्टोबरात एकदा ती मासे टांगायच्या शेडमध्ये
कंदिलाशिवाय शिरली. सात वर्षांची.
हॅडॉकच्या ओल्या पोटावर
निळसर, थंड उजेड होता.
वडील म्हणाले, शिळा झालाय, टाकून दे.
तिने नखाने खरवडून तो उजेड
काड्यापेटीत भरला.
सकाळी काड्यापेटीत नुसता वास.

त्या वासाच्या मागे ती कोपनहेगनला गेली,
परत आली ती रेक्याविकच्या एका तळघरात,
जिथे माझी मोरी होती.

एकटा जिवाणू उजळत नाही.
दहा हजारही नाहीत.
तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसतात,
फक्त एक रेणू पाण्यात सोडत राहतात:
मी आहे, मी आहे, एवढंच.
ते "मी आहे" पुरेसं दाटलं की गणपूर्ती.
मग सगळे एकदम.
तिच्या माशावरच्या जातीत तो रेणू कोणता,
हे शोधण्यात तिची बारा वर्षं गेली, आणि नवरा.

एका गुरुवारी चाळीस नंबरची बाटली वेळेआधी उजळली.
पेरणी विरळ होती, अजून चार तास अंधार हवा होता.
ती बाटली मी धुतली होती.
म्हणजे, धुतली नव्हती. मुलाला ताप होता,
जुनं पाणी तळाशी तसंच ठेवून मी भट्टीत सारली.
भट्टीत जिवाणू मेले होते.
बोलणं मेलं नव्हतं.
मी मान खाली घालून कबूल केलं.
ती म्हणाली, "किती राहिलं होतं? बोटभर? दाखव, कुठल्या बोटाएवढं."

शोधनिबंधात शेवटच्या ओळीत माझं नाव आहे,
एक अक्षर चुकलेलं.
तो छापून यायच्या तीन आठवडे आधी
ओसाकाच्या लोकांनी तोच रेणू छापला.
तिने त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, सोबत सुकवलेला मासा,
आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

पुढे एक जिवाणू तयार केला, जनुकात खोट घालून:
बोलतो, पण ऐकत नाही.
शेजारी सगळे पेटले तरी हा काळाच.
त्याला तिने आईचं नाव दिलं, सायउन.
आई तेव्हा वृद्धाश्रमात होती, ठार बहिरी,
दिवसभर बहिणीशी फोनवर असल्यासारखी बोलायची.
बहीण जाऊन वीस वर्षं झालेली.

औषधाचंही झालं थोडंफार.
रोगाच्या जिवाणूंचे कान बंद केले
तर हल्ला कधी करायचा हे त्यांना कळणार नाही, असा बेत.
उंदरांना बरं वाटलं.
माणसांपर्यंत कंपनीचा पैसा पुरला नाही.

शेवटच्या दिवशी तिने स्वतःचा कप स्वतः धुतला, वाईट धुतला.
मग आम्ही दोघी अंधाऱ्या खोलीत बसलो.
डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात.
तेवढ्यात ती काही म्हणाली नाही,
मीही.

आता तिथे एक उंच मुलगा आहे, फार सांभाळून बोलतो.
बाटल्या मी अजून तीनदा विसळते.
चाळीस नंबरची
दोनदाच.