लोकरीचा गुंडा

शेटलंडमधल्या येल बेटावर
ऑस्ला इंकस्टर लोकरीच्या गुंड्याला ‘क्लू’ म्हणते.
तिची आई म्हणायची, आईची आईही.
नवरा लॉरी शिडाच्या खालच्या कोपऱ्याला ‘क्लू’ म्हणायचा,
तेव्हा त्याला शब्द आठवायचे.
एका घरात एक शब्द, दोन मालक.
त्यावरून भांडण कधी झालं नाही.

एका रात्री म्हातारा दार उघडं टाकून गेला.
जूनची रात्र. काळोख असा नव्हताच,
पण धुकं इतकं, की कुंपणाचा पुढचा खांब दिसू नये.

सकाळच्या फेरीबोटीने हवालदार आला,
ग्लासगोकडचा कोवळा पोरगा.
टोपी हातात धरून म्हणाला,
“अजून काही क्लू नाही.”
ऑस्लाने मांडीवर पाहिलं.
होता की. तपकिरी, अर्धा गुंडाळलेला.

कोशात सापडतं ते एवढंच :
आधी होता नुसता गुंडा, सुताचा, लोकरीचा.
मग कुणी भुलभुलैयात दोरा सोडत आत गेलं
आणि दोऱ्यावरून परत आलं.
ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली
की गुंडा कुठे घरंगळला कळलं नाही,
हाती उरला नुसता माग.
पुढे स्पेलिंगचं शेपूट बदललं, लोकर दिसेनाशी झाली.
देवनागरीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात,
आणि आपल्या पोलिसांनाही
अजून धागेदोरेच मिळतात.

“तारेवर जरा लोकर होती,” पोरगा म्हणाला,
“पण ती मेंढ्यांची.”
“दाखव.”
तिसऱ्या खांबापाशी तिने ती चिमटीत धरली, उलगडली.
दोन पदर, एकमेकांत वळलेले.
“मेंढी स्वतःला पीळ घालत नाही, बाळा.”

धागा तिथे संपत नव्हता.
झुडपांतून, ओल्या गवतातून पुढे गेला होता,
आणि ती गुंडाळत गुंडाळत त्याच्यामागे.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
तिला पीटच्या खणीपर्यंतच जायचं होतं.

लॉरी आडोशाला बसलेला.
एका हाताला कोपरापर्यंत बाही नाही.
त्याने तिच्या मुठीतला गुंडा पाहिला,
बराच वेळ पाहिला.
“क्लू,” म्हणाला.
शिडाचा की लोकरीचा, तिने विचारलं नाही.
त्याचा गार हात काखेत धरला.

हवालदार वही काढून
स्पेलिंगपाशी अडला होता.

बाही पुन्हा विणायला तीन संध्याकाळी लागल्या.
लोकर तीच.