कोटाच्या आत

आभार मानायचे नाहीत, अकुलिनाने आधीच बजावलं होतं.
रोप देणाऱ्याला ‘धन्यवाद’ म्हटलं की ते धरत नाही,
याकुत्स्कमध्ये हे शेंबडं पोरही जाणतं.
म्हणून मी तिच्या दारात नुसतीच उभी राहिले,
ओठ मिटून,
हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बेगोनियाची फांदी:
चार पानं, एक वाकडा डोळा.

बाहेर उणे अठ्ठेचाळीस.
तिची इमारत ते माझी इमारत, चालत सहा मिनिटं.
तेवढ्यात माणसाच्या पापण्या पांढऱ्या होतात,
पानाची तर काचच.
आधी स्वेटरच्या आत, मग शालीच्या, मग कोटाच्या आत
फांदी छातीशी धरून
मी धुक्यातून निघाले, एक हात पोटावर ठेवून.
बसथांब्यावरच्या म्हाताऱ्याने बाजूला होऊन वाट दिली,
म्हणाला, जपून जा, बाई.
चोपन्नाव्या वर्षी!
मी त्याचा गैरसमज तसाच राहू दिला.

दवाखान्याच्या कोटघरात मी नोकरी करते.
माणसं कोट काढून देतात, मी नंबराचा बिल्ला देते.
दिवसाला दोनशे, अडीचशे कोट,
बाह्यांमधून गारठा अजून निघायचा असतो,
ओल्या फरचा वास,
आणि बोलायला कुणाला सवड नसते.
संध्याकाळी खांदे म्हणतात, पुरे.
मग घरी येते, दिवा लावायच्या आधी
खिडकीपाशी जाऊन मातीत बोट खुपसते.
कोरडी? की अजून ओल आहे?
दिवसभरात मला विचारावासा वाटलेला
हा पहिला प्रश्न.

खिडकीला तीन काचा, मधल्या फटीत कापूस,
कोपऱ्यात बर्फाने काढलेली नक्षी.
तिच्या अलीकडे, रेडिएटरवरच्या फळीवर
कोरफड, जिचा रस आईने सर्दीत माझ्या नाकात पिळला होता
आणि मी तिला दोन दिवस माफ केलं नव्हतं.
जिरेनियम, कान दुखला की चुरगळून कानात ठेवायला.
आणि सासूची जीभ, ताठ, धारदार.
सासूबाई गेल्या, जीभ राहिली.
आता आमचं बरं जमतं.

बेगोनियाने मात्र तीन आठवडे मान टाकली होती.
मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं, रागावलेसुद्धा,
एकदा तर कुंडी उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली.
डिसेंबरात इथे ऊन येतं ते पाहुण्यासारखं,
कोट न काढता, दारातल्या दारात.
अशाच एका दुपारी, सुट्टीच्या,
त्या वाकड्या डोळ्यातून काहीतरी तांबूस वर आलं,
मूठ मिटलेलं.
चहा हातात गार झाला.
घरात कुणी नव्हतं, तरी मी मागे वळून पाहिलं,
कुणाला तरी दाखवायला.

अकुलिना आता लेकीकडे असते, क्रास्नोदारला.
तिकडे म्हणे बेगोनिया रस्त्याच्या मधोमध लावतात
आणि लोक न बघता निघून जातात.
दर रविवारी तिचा फोन येतो. रक्तदाब, नातू, भाव,
आणि ठेवता ठेवता: "धरलंय ना?"
"धरलंय."
"बरं."
अकरा वर्षं झाली.
तो एक शब्द माझ्या जिभेखाली
साखरेच्या खड्यासारखा आहे, विरघळत नाही.
त्याच्याऐवजी मी पानांवरची धूळ पुसते,
कुंडी पाव वळण फिरवते, मागच्या पानांनाही उजेड मिळावा म्हणून.
ज्याला जे समजायचं ते समजू दे.

काल तिसऱ्या मजल्यावरचा न्युर्गुन आला होता.
वर्गातल्या खिडकीसाठी एक फांदी हवी, बाईंनी सांगितलंय.
कात्री उकळून घेतली. सगळ्यात चांगली फांदी कापताना
हात जरा अडखळला, खोटं का बोला.
ओला कागद, मग त्याच्या स्वेटरच्या आत, मफलरखाली.
त्याला घरी शिस्त चांगली आहे.
दारात थांबून, मान वर करून, त्याने तोंड उघडलं.

"आधी बटणं लाव," मी म्हटलं.
"वरचंसुद्धा."