तीन तुकडे

तीननल चौकातून आत वळलं की
कैच्या, अडकित्ते, नेलकटर, कुलपं,
आणि त्यांच्यामागे गोन्नाडेंचं डोकं.
एप्रिलची दुपार. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी उभा,
विचारायलाच लाज वाटते आहे :
दाढीचं जुनं यंत्र पाहिजे.
पातं घालायचं. दोन्ही बाजूंनी चालणारं.

दुपट्टा सोडला तसे गोन्नाडे म्हणाले,
“तुम्ही वासुदेवचे ना?
मंग तुम्हाले हे काहून पाहिजे?”

काहून.
चाळीस वर्षं महालात वस्तरा चालवला बाबांनी.
नवरदेव, वकील, जावळाची रडकी पोरं,
एकदा तर एका मेलेल्या माणसाचीही केली,
त्याच्या भावाने हट्ट धरला म्हणून.
माझ्या हाती मात्र वस्तरा दिला नाही.
“तू शिक,” म्हणाले. शिकलो.
मिहानमधल्या कंपनीत जाण्याआधी रोज
पाच पात्यांच्या प्लॅस्टिकने गाल खरडत राहिलो,
गळ्यावर पुरळ, कॉलरला रक्ताचा ठिपका.

काचेवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तीन मांडले.
एक, मूठ फिरवली की
देवघरासारखी दोन दारं उघडणारं.
एक जड, पितळेचं, गळ्याशी आकडे कोरलेलं,
पातं किती बाहेर काढायचं ते एकपासून नऊपर्यंत.
एक साधं : मूठ, फणी, टोपी.

मी अर्थात आकड्यांवर हात ठेवला.
त्यांनी तो उचलून बाजूला केला.
यंत्र नव्हे, हात.
“नवा माणूस नऊवरच जाते, भाऊ.
मंग दुसऱ्या दिवशी वापस घेऊन येते.
हे घ्या. सौम्य आहे.
चुकलं तरी थोडं माफ करते.”

हत्याराबद्दल सौम्य हा शब्द
मी पहिल्यांदा ऐकला.

मग पाती. पाच कंपन्यांची एकेक पुडी.
“कोणाले कोणतं चालन, आपण नाही सांगू शकत.
गाल सांगन.”
साडेतीनशे रुपये. तुरटीची वडी फुकट.

घरी कूलरच्या ओल्या खसाचा वास.
बाबा पलंगावर, दाढी छातीपर्यंत.
स्वतःची दाढी त्यांनी आयुष्यात कधी केली नाही.
सुटीच्या दिवशी शटर अर्धं पाडून
तुळशीराम त्यांची करायचा, ते तुळशीरामची.
तुळशीराम जाऊन अडीच वर्षं झाली.
म्हणजे ही दाढी अडीच वर्षांची.
एवढं गणित मी आजवर केलं नव्हतं.

पिशवी लपवायला जागा नव्हती.
“आण.”
थरथरत्या हाताने त्यांनी फिरकी सोडली,
तिन्ही तुकडे चादरीवर ठेवले,
बराच वेळ लावून परत जोडले.
“खेळणं आहे,” म्हणाले.

आणि मग बोटांची पाठ
माझ्या गालावरून फिरवली,
कानापासून हनुवटीपर्यंत,
परत खालून वर.
गिऱ्हाइकाला लावतात तसा हात, घाई नसलेला.
मला तो कधी लागल्याचं आठवेना.

“जबड्याखाली भोवरा आहे तुले. माझ्यासारखा.
इथं केस आडवे निघतात.
दाबू नको. वजनाचं काम वजनाले करू दे.
आन उलटं नको जाऊ.
महिनाभर तरी नको.”

सकाळी, नळ जायच्या आत,
मोरीतल्या तडकलेल्या आरशासमोर
मी पहिली पट्टी ओढली.
फेसातून खरखर ऐकू येत होती,
लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलेली.
दाबलं नाही.
तरी कापलं, बरोबर भोवऱ्यावर.

तुरटी फिरवली. झोंबली.
बाहेरून आवाज आला,
“लागलं?”
“नाही,” मी म्हणालो.
“हौ,” बाबा म्हणाले, “लागते पहिल्यांदा.”