कोरडी हवा

केप्याच्या शाळेत भार टिकत नाही.
काचेची कांडी रेशमावर कितीही घासा,
कुशावतीचा ओलावा तिच्यावर साय धरतो
आणि सायीवरून सगळं निसटून जातं.
कायतान दिव्याखाली कांड्या शेकवतो,
चुलीवर चोरीस टांगावेत तशा ओळीनं,
मग मान हलवतो : "टीचर, आयज जावपाचें ना."
मी फळ्यावर बाण काढते.
मुलं बाण उतरवून घेतात. परीक्षेत तेवढे पुरतात.

जानेवारीत एका सकाळी मात्र
घाटावरून वारा उतरला.
ओठ फुटले. पोरांनी स्वेटर काढले तर तडतड झाली.
कायताननं सातलाच दार उघडून ठेवलेलं,
एका खिळ्याला दोन रेशमी धागे,
धाग्यांना थर्मोकोलच्या दोन गोळ्या,
इगर्जीतल्या नाताळच्या गोठ्यावर पसरलेल्या
बर्फातून उचललेल्या.

कांडी जवळ नेली.
दोघी धावत आल्या, चिकटल्या
आणि दचकून सुटल्या,
कांडीपासून, एकमेकींपासूनही.
मधे चार बोटं अंतर, हवेत तसंच धरलेलं.

"भांडल्या?" सुफला वेळीपनं विचारलं.
नाही गं. सारख्या झाल्या.

कांडी वीतभर लांब असली की गोळी जेमतेम सरकते,
अर्ध्या वितीवर चौपट बिथरते.
सुफलानं हे स्वतः करून पाहिलं, तीनदा,
हातावरची लव उभी राहिली तरी हात मागे न घेता.
मग म्हणाली, पण मधे तर काहीच नाही.

वीस वर्षं मी या प्रश्नाला फळ्यावरचे बाण दाखवले.
त्या दिवशी खडू हातात होता, उचलला नाही.
म्हटलं, हो, रिकामंच आहे.
पण त्यात काही आणून ठेवलंस
तर कुठं जायचं
ते त्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

घंटा झाली. गोळ्यांना कुणी हात लावला नाही.
दुसरा वर्ग आला, तोही दबकत बसला.
बाराच्या सुमारास वारा नदीकडून फिरला
आणि गोळ्या, कुणी पाहत नसल्यासारख्या,
उतरत उतरत एकमेकींना टेकल्या.

कायताननं कपाट थोडं सरकवलं,
मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलं :
तारीख. एक तास दहा मिनिटं.
त्याच्या वर सोळा ओळी होत्या,
एकेका जानेवारीची एकेक,
दोन ठिकाणी नुसती रेघ.

मी ते कपाट कधी हलवलंच नव्हतं.