हजारामागे दोन कट्टे

पहिल्याच तासाला हिरेमठ सर म्हणाले,
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चादरीची नक्षी चालते,
संगणकाचं मूळ तिथंच कुठंतरी.
तुम्ही सोलापूरकर म्हणजे त्याचे सख्खे नातेवाईक.
सगळा वर्ग माझ्या आडनावाकडे वळला.
सर, आमचे माग भंगारात गेले
तेव्हा मी दुसरीत होते.
आमच्या घरात आता विडी आहे.

घरकुलातून स्टँड, स्टँडवरून केगाव,
मांडीवर दप्तर, दप्तराला तंबाखूचा वास.
मुबीना म्हणते, येत नाही गं वासबिस.
खोटं बोलताना ती खिडकीबाहेर बघते.

लॅबमध्ये सत्तावीस मशीन, चालू एकोणीस.
माझ्या कीबोर्डवरची अर्धविरामाची कळ
हळू दाबली तर उठत नाही,
जोरात दाबली तर दोनदा उठते.
सहा महिने माझ्या सगळ्या चुका तिच्या नावावर गेल्या.

मोजणी शून्यापासून.
शेवटचा घटक म्हणजे लांबी वजा एक.
हे अंगवळणी पडायला मला आख्खं सत्र लागलं,
कारण अम्मा मोजते ओकटी, रेंडू, मूडू.
सुन्ना म्हणजे
ज्या दिवशी ब्रँचवर पानच आलं नाही, तो दिवस.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट. वर्गात अकरा जणांचं वाचनालय,
चौघांचं हॉस्पिटल.
मी अम्माची वही घेतली,
आणि कंपनीचं कार्ड.
पान किती, वळल्या किती, छाट किती, जमा किती.
ती तेलुगूत सांगायची, मी मराठीत ऐकायचे,
बोटं इंग्रजीत टाइप करायची.
तीन वर्षं भरायला पंधरा दिवस लागले.

बेरीज जुळेना.
हजारामागे पन्नास कमी. दर आठवड्याला.
छाटीचा रकाना तर जवळजवळ कोरा.
मे महिना, रात्री बाराला भिंती तापलेल्या,
मी प्रत्येक फेरीत प्रोग्राम थांबवून बघितला,
इथं किती, तिथं किती,
कुठल्या ओळीत सांडतंय हे.
लूप पुन्हा लिहिला. पुन्हा पन्नास.
मुबीनाला फोन केला, ती म्हणाली
डेटा घाण असेल, साफ कर.

अडीचला अम्मा पाणी प्यायला उठली.
एंदुकु निद्रपोलेदु, झोपली का नाहीस.
मी म्हणाले, दोन कट्टे हरवतात अम्मा,
हजारामागे. चूक सापडत नाही.
तिनं तांब्या ठेवला.
चूक कुठली? ब्रँचवाला काढून घेतो ते.
म्हणून तर मी बेचाळीस कट्टे बांधते.
मग छाट म्हणून का नाही लिहिलंस?
ती माझ्याकडे बघत राहिली,
इतकं शिकून हेही कळेना म्हणून.
छाट वाईट विडीला म्हणतात.
हे कट्टे चांगले असतात.

ती झोपली.
मी एकोणीस वर्षांचा आकडा काढला.
एकच ओळ लागली त्याला.
तिला सांगितला नाही.

तोंडी परीक्षेला लातूरहून आलेल्या बाई,
त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. हा फरक का?
बग आहे का?
नाही मॅडम, प्रोग्राम बरोबर आहे.
मग पडताळणी कर ना, म्हणाल्या,
आणि पुढच्या मुलाला हाक मारली.
त्याच्या वाचनालयातलं एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं.

संध्याकाळी अम्मानं विचारलं, पास?
बहुतेक.
मग हे मोज, म्हणून तिनं सूप पुढं सरकवलं,
आणि उद्याची पानं भिजवायला उठली.
मी मोजले, मनातल्या मनात,
शेवटच्या कट्ट्याला आले एकेचाळीसवर.
एकेचाळीस, मी म्हणाले.
मोरीतून आवाज आला, मळ्ळी.
पुन्हा.