भरती

आमच्या बेटाचा पिनकोड तोच,
जो बेलापूरच्या काचेच्या मनोऱ्यांचा.
सहा आकडे आहेत. त्यांत खाडी धरलेली नाही.

पोस्टाच्या शिक्क्याला तारीख असते, पाण्याला तिथी.
माझे सासरे बेंडूमामा दोन्ही बोटांवर मोजायचे:
बीजेचं टपाल जेवायच्या वेळेला पोचतं,
नवमीला पोस्ट उघडायच्या आत पाणी निघून जातं,
आणि अवसेच्या उधाणात, म्हणायचे,
समुद्र स्वतःच उंबऱ्यापर्यंत येतो विचारायला,
माजा काय आयलंय का?
त्यांची खाकी पिशवी आता माझ्या खांद्यावर.
माझी बोटं अजून चुकतात.

त्या दिवशी एकादशी.
नवाला पाणी भरून गेलेलं, आणि पोस्टात सर्व्हर बंद.
बाई थांबा, बाई थांबा, करत साडेअकरा.
दिवाळ्याच्या धक्क्यावर हसुराम इंजिनाशी बसून होता.
त्यानं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
बोलला काही नाही, दोरी ओढली.

पिशवीत विजेची सात बिलं, मुदत गेलेली.
काळूबाईनं हयातीचा दाखला द्यावा अशी सूचना,
काळूबाई जाऊन दुसरी दिवाळी.
आणि प्रणोती कडूचं एक, लांबट, पांढरं,
कोपऱ्यात छापलेलं: भरती कक्ष.
सुकतीत भरतीचं पत्र, मी हसुरामला म्हणाले.
तो हसला, आणि तिथंच होडी रुतली.

तीनशे पावलं असेल किनारा.
पण पावलं टाकायला जमीन लागते.
हा चिखल आधी कमरेपर्यंत घेतो,
पुढचं मग ठरवतो.

प्रणोती धावत तिवरांपाशी आली.
महिनाभर रोज येत होती,
मेसेज पाठवलाय म्हणतात, पाण्याबरोबर येईल म्हणून
मोबाईल उंच धरून उभी राहायची.
मी फोन लावला.
आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता
त्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.
तिची ओढणी मला दिसत होती. पिवळी.

फोड, ती ओरडली. फोड न वाच!
नऊ वर्षांत कुणाच्या लिफाफ्याला
नखही लावलं नव्हतं मी.
फोडला.
मुलाखतीसाठी आपण…
मूळ प्रमाणपत्रांसह…
शब्द निम्म्या वाटेत चिखलात बसत होते.
तारीख! तारीख सांग!
सतरा, मी ओरडले, सतरा!
वरून विमान गेलं.
तिनं पहिलं अक्षर घेतलं,
उरलेलं स्वतःचं जोडलं: सत्तावीस?
मी दहा बोटं दाखवली, मग सात,
तोवर तिची पाठ होती माझ्याकडे.
ओढणी घरांच्या दिशेनं पळत होती,
आये, आये, सत्तावीस!

त्या दिवशी एकोणीस होती.

पाच तास बसलो आम्ही.
हसुरामनं बिड्या संपवल्या.
बगळे होडीच्या जवळून चालत गेले,
त्यांना चिखल धरत नाही.
पलीकडे बेलापूरच्या काचांवरून ऊन
एकेक मजला उतरत होतं.
तिच्या आईनं अंगणात दोरीवर
पांढरा ड्रेस धुऊन टाकला,
एवढ्या लांबून दिसला मला,
बाह्या ओढून सरळ करत होती.

पत्र पुन्हा वाचलं. सतराच होतं.
मग पुन्हा.

पाणी आलं तेव्हा मला ते नको होतं.
हळू घे, मी म्हणाले.
पाण्याला सांग, हसुराम म्हणाला.

तिनं आधी मला पाय धुवायला तांब्या दिला,
चहा टाकू का विचारलं,
मग पत्र घेतलं, दोन्ही हातांनी.
फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला
आणि वाचायला उंबऱ्यावर बसली.

आमच्या वहीत रकाना एवढाच असतो.
मी लिहिलं, पोचलं.
दोरीवर ड्रेस वाळून कडक झाला होता.