की

क्लेम ट्रेगेन्झा, वय सत्त्याऐंशी, खोली नऊ.
पक्षाघाताने मागे ठेवलेले शब्द चारच:
चहा. नाही. मोर्वेना. आणि की.

की, म्हणायचा तो चादर मुठीत आवळून,
की, की,
आणि डोळ्यांत अशी घाई
जणू कुणी त्याच्यासाठी थांबलंय
आणि आता थांबणार नाही.

मोर्वेना, त्याची धाकटी,
बेकरीतली पाळी संपवून यायची, बाहीला पीठ तसंच.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
तिने घरातल्या सगळ्या किल्ल्या आणल्या:
जाळ्यांच्या खोपटाची, गंजून फुगलेली;
भिंतीवरच्या घड्याळाची;
चॅपेलच्या बाजाची, जो चॅपेलसकट विकला गेला;
सार्डिनचा डबा उघडायची सुद्धा.
बाई काही म्हणजे काही सोडत नव्हती.
एकेक त्याच्या तळहातावर ठेवायची.
तो बघायचा, नाही म्हणायचा,
आणि इतक्या हळुवार परत द्यायचा
की तिला रडू यायचं.

माझं काम नोंदी ठेवायचं.
किती प्यायला, किती झोपला, अस्वस्थ झाला तर केव्हा.
सोमवारी चार दहा.
मंगळवारी पाच.
बुधवारी सहाला दहा कमी.
गुरुवारी मी पेन खाली ठेवलं.
रोज पन्नास मिनिटं उशिरा येणारं दुखणं
डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हतं.
ते स्वयंपाकघरात होतं, फ्रिजशेजारी,
कोळ्यांच्या सोसायटीने वाटलेल्या कॅलेंडरमागे
बारीक अक्षरांत:
भरतीच्या वेळा.

इंग्रजीत बोटी लागतात त्या दगडी धक्क्यालाही
कीच म्हणतात.
लिहिताना चार अक्षरं,
पहिलं क्यू, पाण्यात शेपूट सोडून बसलेलं.
बोलताना शेपूट दिसत नाही.
माझ्या मराठीत किल्ली आणि धक्का
समोरासमोर आले तरी ओळख देणार नाहीत.
मला सांगितलं असतं त्याने मराठीत
तर पहिल्याच दिवशी.
पण हे म्हणजे काहीच्या काही झालं.

मोर्वेना खुर्चीत बसली.
मी त्या धक्क्यावरच मोठी झाले, म्हणाली,
पोहायला तिथूनच ढकललं होतं यांनी मला,
आणि मी काय आणलं, तर सार्डिनची किल्ली.
मी म्हटलं, आमच्याकडे ढकलण्यालाही धक्काच म्हणतात.
ती हसली, मग नाही हसली.
आणि या आजारालाही, हे मी बोललो नाही.

शुक्रवारी साडेसातला चाकाची खुर्ची,
दोन घोंगड्या, लोकरी टोपी.
उतारावर ती पुढून धरून, मी मागून,
दगड ओले, गाडं हिसके खात.
खाली कुणीही थांबलेलं नव्हतं.
खेकड्यांच्या दोन बोटी. दोर गुंडाळणारा एक पोरगा,
त्याने मान हलवली, ट्रेगेन्झांना ओळखून किंवा उगीच.
पाणी वरच्या पायरीपर्यंत चढलं
आणि उभं राहिलं,
ना येत ना जात.

की, म्हणाला क्लेम.
हो बाबा, हाच ना. आलो ना आपण.
त्याने हात पुढे केला, तळवा वर,
डब्यातल्या किल्ल्यांसाठी करायचा तसाच.
की.

डबा खोलीतच राहिला होता.

माझ्याकडे हा शब्द दोन गोष्टींच्या मध्ये उभा असतो:
हे की ते.
कधी वाक्याच्या शेवटाला चिकटतो,
आहे की. आलो की.
तो कुठल्या कीला बोलत होता
मला आजही सांगता येणार नाही.

मोर्वेनाने कोटाचे खिसे चाचपले,
बेकरीच्या मागच्या दाराची किल्ली निघाली,
पिठाने पांढरी.
ती तिने त्याच्या तळव्यावर ठेवली.
त्याने मूठ मिटली. पाण्याकडे बघत राहिला.

नाही म्हणाला नाही.